एक फोल्डर, एक प्रिंटर आणि चार संगणक: शेअरिंग पक्कं बसवण्याची रीत

‘शेअर केलेला फोल्डर उघडत नाही’ ही तक्रार एकच वाटते, पण तिच्या पोटात चार वेगळे प्रश्न दडलेले असतात. समोरचा संगणक सापडतो का? त्याचं दार उघडं आहे का? तो तुम्हाला ओळखतो का? आणि ओळखल्यावर हव्या त्या फायलीला हात लावू देतो का? पत्ता, पोर्ट, ओळख, परवानगी. याच क्रमाने तपासत गेलं तर बिघाड कुठे आहे हे बहुतेक वेळा दहा मिनिटांत कळतं. क्रम सोडून सेटिंग बदलत बसलं तर दिवस जातो आणि शेवटी काय केल्याने चाललं तेही समजत नाही.

पुढच्या पायऱ्या तीन ते दहा संगणकांच्या लहान जाळ्यासाठी आहेत. आज्ञा, सेटिंगची नावं, पत्ते आणि आकडे इथे देवनागरीत लिहिले आहेत. कीबोर्डवरून देताना ते इंग्रजी अक्षरांत आणि इंग्रजी आकड्यांत द्या.

कोणता प्रोटोकॉल कशासाठी

फायलींसाठी आज मुख्य भाषा एकच, एसएमबी. १९८३ च्या सुमारास आयबीएममध्ये बॅरी फायगेनबॉम यांनी ती रचली, पुढे मायक्रोसॉफ्टने वाढवली. १९९६ मध्ये तिलाच सीआयएफएस हे नाव दिलं गेलं. जुन्या उपकरणांच्या मेनूत अजून ते नाव दिसतं. विंडोज व्हिस्टाबरोबर दुसरी आवृत्ती आली, विंडोज ८ बरोबर तिसरी, आणि विंडोज १० पासून ३.१.१ वापरात आहे. लिनक्सवर हीच भाषा बोलणारा प्रोग्राम म्हणजे सांबा. ऑस्ट्रेलियात अँड्र्यू ट्रिजेल यांनी १९९१-९२ मध्ये त्याची सुरुवात केली, आणि नाव शोधलं ते शब्दयादीत एस, एम, बी ही अक्षरं त्याच क्रमाने असलेले शब्द चाळून. मॅकनेही २०१३ च्या मॅव्हरिक्सपासून आपली एएफपी मागे ठेवून एसएमबीला पुढे केलं. त्यामुळे जाळ्यात तिन्ही जातींचे संगणक असले तरी दुसरा पर्याय शोधायची गरज नाही.

पहिली आवृत्ती, म्हणजे एसएमबी १, मात्र कायमची बंद ठेवा. मे २०१७ मध्ये पसरलेला वॉनाक्राय हा खंडणीखोर व्हायरस तिच्यातल्याच दोषावर स्वार झाला होता, आणि त्या दोषावरची दुरुस्ती मायक्रोसॉफ्टने दोन महिने आधी, मार्चमध्येच दिली होती. विंडोज १० च्या १७०९ आवृत्तीपासून नव्या स्थापनेत एसएमबी १ चा सर्व्हर भाग मुळात येतच नाही. सांबानेही ४.११ पासून ती बंद ठेवली आहे.

एनएफएस ही फायलींचीच दुसरी भाषा, सन मायक्रोसिस्टिम्सची १९८४ ची निर्मिती, आणि ती लिनक्स ते लिनक्स यासाठीच वापरावी. प्रिंटरसाठी आयपीपी ही छपाईची भाषा पहिली पसंती, पोर्ट ६३१. जमलं नाही तर कच्ची (‘रॉ’) वाट, पोर्ट ९१००. एलपीडी आणि तिचं पोर्ट ५१५ फक्त फार जुन्या यंत्रांसाठी.

आधी पत्ता पक्का करा

ज्या संगणकावर फोल्डर आहे तो आणि प्रिंटर, या दोघांचा आयपी पत्ता बदलता कामा नये. राउटर पत्ते ठरावीक मुदतीने वाटतो. वीज गेली, राउटर पुन्हा सुरू झाला, की कालचा पत्ता आज दुसऱ्याच्या नावावर लागतो. ‘प्रिंटर काल चालत होता, आज ऑफलाइन’ याच्या मुळाशी बहुतेकदा हेच असतं.

पत्ता संगणकावर हाताने लिहिण्यापेक्षा राउटरवर राखून ठेवा. राउटरच्या पानावर डीएचसीपी विभागात, म्हणजे जिथून पत्ते वाटले जातात तिथे, ‘ॲड्रेस रिझर्व्हेशन’ किंवा तशा नावाची जागा असते. तिथे यंत्राचा मॅक पत्ता (प्रत्येक नेटवर्क जोडणीचा स्वतःचा ओळख-क्रमांक; मॅक संगणकाशी त्याचा संबंध नाही) आणि हवा तो आयपी लिहा. समजा, फोल्डर असलेल्या संगणकाला १९२.१६८.१.१० आणि प्रिंटरला १९२.१६८.१.२०. एकाच संगणकाला वायरचा आणि वाय-फायचा असे दोन वेगळे मॅक पत्ते असतात. ज्या मार्गाने तो जोडलेला आहे त्याचाच लिहा. नव्या फोनांत आणि लॅपटॉपांत मॅक पत्ता मुद्दाम बदलता ठेवायची सोय असते, ती त्या जाळ्यापुरती बंद करावी लागते.

एक गोष्ट याच वेळी पाहून घ्या. पाहुण्यांसाठीच्या वाय-फायवर जोडलेली यंत्रं एकमेकांना पाहू शकत नाहीत. ती सोयच त्यासाठी असते. काही राउटरांत ‘एपी आयसोलेशन’ चालू असतं, त्याचाही परिणाम तोच. आणि इंटरनेटवाल्याच्या राउटरमागे स्वतःचा दुसरा राउटर जोडला असेल तर दोन जाळी तयार होतात: एका बाजूचे पत्ते १९२.१६८.१ ने सुरू होतात, दुसऱ्या बाजूचे १९२.१६८.० ने. प्रिंटर एका जाळ्यात आणि लॅपटॉप दुसऱ्यात असला की पुढची सगळी मेहनत वाया जाते. दुसऱ्या राउटरला ‘ॲक्सेस पॉइंट’ मोडमध्ये टाका.

विंडोजवर फोल्डर शेअर करणं

सेटिंग्जमध्ये ‘नेटवर्क अँड इंटरनेट’ उघडून चालू जोडणीच्या प्रॉपर्टीजमध्ये जा आणि प्रोफाइल ‘प्रायव्हेट’ करा. ते ‘पब्लिक’ असलं की फायरवॉल शेअरिंगची वाट अडवते. फायरवॉल बंद करून पाहू नका. प्रोफाइल बरोबर असेल आणि ‘फाइल अँड प्रिंटर शेअरिंग’ला प्रायव्हेटपुरती मुभा असेल तर तिला हात लावायची गरजच पडत नाही. दुसऱ्या कंपनीचा अँटिव्हायरस असेल तर त्याची फायरवॉल वेगळी असते. जाळं विश्वासाचं आहे हे तिलाही वेगळं सांगावं लागतं.

आता ओळख. बहुतेक लोक इथेच अडकतात. तुम्ही संगणक रोज पिनने किंवा चेहऱ्याने उघडता, पण पिन फक्त त्याच यंत्रापुरता असतो. जाळ्यावरून येणाऱ्याला तो चालत नाही, पासवर्डच लागतो. मायक्रोसॉफ्ट खात्याने उघडत असाल तर त्या खात्याचा पासवर्ड लागतो, जो बहुतेकांना आठवत नाही. आणि पासवर्डच नसलेल्या खात्याला विंडोज जाळ्यावरून आत घेत नाही. यावर सोपा आणि टिकाऊ उपाय म्हणजे शेअरिंगसाठी वेगळं स्थानिक खातं. सेटिंग्जमधल्या ‘अकाउंट्स’मध्ये, ‘अदर युजर्स’खाली नवं खातं जोडा, ईमेल विचारला की माहिती नसल्याचा पर्याय घ्या, मग ‘मायक्रोसॉफ्ट खात्याशिवाय’ हा पर्याय येतो. नाव साधं ठेवा, समजा ‘कचेरी’. पासवर्ड लांब ठेवा. त्याला ॲडमिनिस्ट्रेटर करू नका.

‘पासवर्ड प्रोटेक्टेड शेअरिंग’ बंद करून सगळ्यांना पाहुणा म्हणून आत घेण्याचा सल्ला जागोजागी मिळतो. तो मानू नका. एक तर फोल्डर कोणी उघडला हे कधीच कळत नाही. शिवाय विंडोज ११ च्या २४एच२ आवृत्तीपासून ‘प्रो’ प्रकारचं विंडोजसुद्धा पाहुणा म्हणून दुसरीकडे शिरायला नकार देतं, म्हणजे आज चाललेलं उद्याच्या अपडेटनंतर बंद पडणार.

फोल्डर डेस्कटॉपवर किंवा ‘डॉक्युमेंट्स’मध्ये करू नका. तिथला एखादा फोल्डर शेअर करताना विंडोज कधीकधी अख्खा ‘युजर्स’ फोल्डरच शेअर करून ठेवतं. ड्राइव्हच्या मुळाशी नवा फोल्डर करा, समजा डी ड्राइव्हवर ‘हिशेब’. त्याच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘शेअरिंग’ टॅब, तिथे ‘ॲडव्हान्स्ड शेअरिंग’. ‘शेअर धिस फोल्डर’वर खूण करा. ‘परमिशन्स’मध्ये ‘एव्हरीवन’ला फक्त वाचायची परवानगी दिलेली असते, ते नाव काढा, ‘कचेरी’ जोडा, ‘चेंज’ आणि ‘रीड’वर खूण करा. ‘फुल कंट्रोल’ देऊ नका, त्याने परवानग्याच बदलायचा हक्क मिळतो आणि त्याची कोणालाही गरज नसते.

काम अजून अर्धंच झालं आहे. त्याच खिडकीतल्या ‘सिक्युरिटी’ टॅबमध्ये जाऊन ‘कचेरी’ला ‘मॉडिफाय’ द्या. शेअरची परवानगी आणि ड्राइव्हची परवानगी या दोन वेगळ्या चाळण्या आहेत. जाळ्यावरून येणाऱ्याला दोन्हींतून जावं लागतं, आणि दोघींत जी कडक ती लागू होते. शेअरवर ‘चेंज’ आणि सिक्युरिटीत फक्त ‘रीड’ असेल, तर फाइल उघडेल पण जतन होणार नाही.

याच चाळणीतून निघणारी एक गुंतागुंत पुढे दोन-तीन महिन्यांनी डोकं वर काढते. त्याच ड्राइव्हवरच्या दुसऱ्या फोल्डरातून कट करून इथे पेस्ट केलेली फाइल जुन्या जागेच्या परवानग्या घेऊनच येते; कॉपी केलेली फाइल नव्या जागेच्या घेते. म्हणून यादीत दहा फायली दिसतात, नऊ उघडतात, एक ‘ॲक्सेस डिनाइड’ म्हणते. सिक्युरिटी टॅबमधल्या ‘ॲडव्हान्स्ड’मध्ये, आतल्या सगळ्या वस्तूंच्या परवानग्या बदलण्याची खूण आहे, ती करून ‘अप्लाय’ करा.

मग पॉवर सेटिंगमध्ये हा संगणक झोपणार नाही असं करा. पडदा बंद होऊ द्या, यंत्र नको. साध्या विंडोजवर एका वेळी वीसच जोडण्या होऊ शकतात. त्याहून जास्त लागत असतील तर सर्व्हर किंवा लिनक्स घ्यायची वेळ आली आहे.

दुसऱ्या संगणकावरून जोडणं

‘नेटवर्क’ची खिडकी उघडून संगणक दिसायची वाट पाहू नका. ती खिडकी वेगळ्याच यंत्रणेवर चालते. पूर्वी ती नेटबायोसवर होती, ज्यात नाव १५ अक्षरांहून मोठं चालत नसे. आता डब्ल्यूएस-डिस्कव्हरीवर आहे, जी यूडीपी पोर्ट ३७०२ वर हाका मारते. तिथे संगणक दिसला नाही तरी फोल्डर ठणठणीत उघडू शकतो, आणि दिसला तरी आत जाता येईलच असं नाही. दिसावाच असं वाटत असेल तर फोल्डर असलेल्या यंत्रावर ‘फंक्शन डिस्कव्हरी रिसोर्स पब्लिकेशन’ ही सेवा आपोआप सुरू होईल अशी करा. लिनक्सवर हेच काम डब्ल्यूएसडीडी हा छोटा प्रोग्राम करतो.

पत्ता थेट द्या. विंडोज बटण आणि आर दाबून, दोन उलट्या तिरक्या रेघा, पत्ता, एक उलटी रेघ आणि शेअरचं नाव:

\\१९२.१६८.१.१०\हिशेब

उघडलं की ‘मॅप नेटवर्क ड्राइव्ह’ने त्याला एक अक्षर द्या, ‘रीकनेक्ट ॲट साइन-इन’ आणि ‘वेगळ्या ओळखीने जोडा’ या दोन्हींवर खूण करा. युजरच्या जागी नुसतं ‘कचेरी’ न लिहिता आधी फोल्डर असलेल्या संगणकाचं नाव, मग उलटी रेघ, मग ‘कचेरी’ असं लिहा. नाहीतर विंडोज कधीकधी स्वतःच्याच संगणकावरचा ‘कचेरी’ समजतं.

मॅकवर फाइंडरमध्ये कमांड आणि के, मग एसएमबी, अपूर्णविराम (:), दोन सरळ तिरक्या रेघा (//) आणि पत्ता. उलट दिशेने, मॅकवरचा फोल्डर विंडोजला द्यायचा असेल तर ‘फाइल शेअरिंग’ चालू करणं पुरेसं नाही. त्याच्या ‘ऑप्शन्स’मध्ये ‘विंडोज फाइल शेअरिंग’खाली खात्यासमोर खूण करून पासवर्ड पुन्हा द्यावा लागतो. ही खूण राहिली की पासवर्ड बरोबर देऊनही विंडोजला तो चुकीचाच असल्याचं उत्तर येतं.

उघडलं नाही तर: आकडे वाचा

पॉवरशेलमध्ये टेस्ट-नेटकनेक्शन ही आज्ञा, पुढे पत्ता, पुढे पोर्ट ४४५ असं द्या. शेवटच्या ओळीत ‘ट्रू’ आलं तर पत्ता आणि दार दोन्ही ठीक आहेत, पुढचा शोध ओळखीपासून सुरू करा. ‘फॉल्स’ आलं तर पासवर्डाला हात लावू नका. जाळं, प्रोफाइल किंवा फायरवॉल यांतलंच काहीतरी आहे. नुसत्या पिंगवर विसंबू नका. फायरवॉल पिंग अडवून ४४५ मोकळं ठेवू शकते, आणि उलटही होतं.

त्यानंतर कमांड प्रॉम्प्टवर ‘नेट यूज’ देऊन जोडून पाहा. चित्रांच्या खिडकीपेक्षा ही आज्ञा स्पष्ट बोलते, कारण काय चुकलं त्याचा आकडा ती देते. ५३ म्हणजे संगणकापर्यंतच पोहोचता आलं नाही. ६७ म्हणजे संगणक सापडला, पण त्या नावाचा शेअर तिथे नाही, स्पेलिंग पाहा. ८६ आणि १३२६ म्हणजे नाव किंवा पासवर्ड चुकला. ५ म्हणजे ओळख पटली, परवानगी नाही. त्या दोन चाळण्यांकडे परत जा. १२७२ म्हणजे समोरचा पाहुणा म्हणून आत घेतोय आणि तुमचं विंडोज तसं जायला तयार नाही. खिडकीत दिसणारे लांब आकडेही हेच असतात: ०x८००७००३५ मधलं शेवटचं ३५ म्हणजे सोळाच्या आधाराने (हेक्साडेसिमल पद्धतीत) लिहिलेले ५३, आणि ४३ ने संपणारा आकडा म्हणजे ६७.

१२१९ वर थोडं थांबावं लागेल, कारण तो फसवतो. एकाच विंडोजवरून एकाच सर्व्हरवर दोन वेगळ्या युजरनावांनी एकाच वेळी जोडता येत नाही. आधी कधीतरी चुकीच्या नावाने जोडणी झालेली असते, ती मागे चालूच राहते, आणि आता बरोबर नाव देऊनही नकार येतो. ‘नेट यूज’च्या यादीत जुनी जोडणी पाहा, तीच आज्ञा ‘डिलीट’सह देऊन ती तोडा. मग कंट्रोल पॅनेलमधल्या ‘क्रेडेन्शियल मॅनेजर’मध्ये ‘विंडोज क्रेडेन्शियल्स’खाली साठवलेली जुनी नोंद पुसा. पासवर्ड बदलल्यावरही हीच जागा आधी पाहायची.

विंडोज ११ च्या २४एच२ नंतर जुन्या एनएएस पेटीशी (जाळ्यावर डिस्क पुरवणाऱ्या यंत्राशी) जोडताना ०xसी०००ए००० ही चूक आली तर तो सहीचा प्रश्न आहे. विंडोजचे प्रो, एज्युकेशन आणि एंटरप्राइझ हे प्रकार आता प्रत्येक पाकिटावर, म्हणजे जाळ्यावरून जाणाऱ्या माहितीच्या तुकड्यावर, सही मागतात. एनएएसचं सॉफ्टवेअर अद्ययावत करा, तिच्या एसएमबी सेटिंगमध्ये ‘सायनिंग’ चालू करा. विंडोजमधली सही बंद करणं हा शेवटचा आणि वाईट पर्याय.

स्कॅन करून थेट फोल्डरात टाकणाऱ्या जुन्या कॉपियर यंत्रांना बहुधा फक्त एसएमबी १ कळते. एका यंत्रासाठी सगळ्या संगणकांवर ती उघडू नका. त्या यंत्राला एफटीपी किंवा ईमेलने पाठवता येतं का ते पाहा, बहुतेकांना येतं.

लिनक्सवर सांबा

कायम चालू राहणारं यंत्र लिनक्सवर असेल तर उत्तम. सांबा बसवा, फोल्डर ‘/एसआरव्ही’खाली करा. स्वतःच्या होम फोल्डरात केलात तर उबंटूच्या २१.०४ पासून ते फोल्डरच बाहेरच्यांना बंद असतं, आणि आतल्या फोल्डराला कितीही मोकळ्या परवानग्या दिल्या तरी वाट वरच्या दारातच अडते. ‘कचेरी’ नावाचा गट करा, लागणारे युजर त्यात घाला, फोल्डरचा गट ‘कचेरी’ करा आणि परवानगी २७७० द्या. सुरुवातीच्या २ मुळे आत तयार होणारी प्रत्येक वस्तू त्याच गटाची होते. मग सांबाच्या सेटिंगची फाइल, एसएमबी डॉट कॉन्फ, तिच्या शेवटी:

[हिशेब]
पाथ = /एसआरव्ही/हिशेब
व्हॅलिड युजर्स = @कचेरी
रीड ओन्ली = नो
फोर्स ग्रुप = कचेरी
क्रिएट मास्क = ०६६०
डिरेक्टरी मास्क = २७७०

सांबाचा पासवर्ड लिनक्सच्या पासवर्डाहून वेगळा साठवला जातो. प्रत्येक युजरसाठी एसएमबीपासवर्ड ही आज्ञा ‘-ए’ लावून एकदा चालवावी लागते, आणि त्या नावाचा युजर लिनक्सवर आधीच असावा लागतो. लिनक्सचा पासवर्ड नंतर बदलला तरी हा आपोआप बदलेलच असं धरू नका. टेस्टपार्म चालवून फायलीतल्या चुका पाहा, मगच सेवा पुन्हा सुरू करा. फेडोरासारख्या लिनक्सवर एसईलिनक्स ही सुरक्षेची आणखी एक चाळणी असते. सगळं बरोबर असूनही फोल्डर रिकामा दिसला किंवा नकार आला तर फोल्डरला सांबाचं लेबल द्यायचं राहिलं आहे. मॅक जोडायचे असतील तर ‘फ्रूट’ हे जोडमॉड्यूल लावा, नाहीतर मॅकच्या लपलेल्या फायलींचा कचरा सगळ्यांना दिसत राहतो.

नावांचे तिढे इथे सुरू होतात. लिनक्सला लहान आणि मोठी इंग्रजी अक्षरं वेगळी, विंडोजला एकच. अपूर्णविराम किंवा प्रश्नचिन्ह असलेलं नाव लिनक्सवर चालतं, विंडोजवर ती फाइल विचित्र आखूड नावाने दिसते. मराठी नावांत ‘ऱ’ जपायला हवा. ‘दुसऱ्या’ किंवा ‘साऱ्या’मधला ऱ युनिकोडमध्ये सलग एक अक्षर म्हणूनही लिहिता येतो आणि ‘र’खाली नुक्ता देऊनही. मॅकच्या जुन्या एचएफएस प्लस डिस्का तो सुटा करून ठेवतात. अशा डिस्कवरून लिनक्सवर फायली आल्या की डोळ्यांना सारखीच दिसणारी दोन नावं एकाच फोल्डरात उभी राहतात आणि शोध घेतला तर एकच सापडतं. बॅकअपच्या स्क्रिप्ट चालणार असतील तर फोल्डरांची नावं ऱ टाळून ठेवणं शहाणपणाचं.

एनएफएस, थोडक्यात

दोन्हीकडे लिनक्स असेल आणि हजारो छोट्या फायलींचं काम असेल तर एनएफएस घ्या, आवृत्ती ४. तिला फक्त २०४९ हे एकच पोर्ट पुरतं. तिच्या साध्या रूपात पासवर्ड नसतो. समोरचा संगणक जो युजर क्रमांक सांगेल तो खरा मानला जातो. दोन यंत्रांवर एकाच माणसाचे क्रमांक वेगळे असतील तर फाइल भलत्याच्या मालकीची दिसते. कोणाला काय उघडं आहे हे ‘एक्स्पोर्ट्स’ फायलीत लिहितात; तिच्यात पत्ता आणि कंस यांच्यामध्ये मोकळी जागा सोडू नका: जागा सुटली की कंसातली लिहिण्याची मुभा त्या पत्त्याला न मिळता साऱ्या जगाला मिळते. फाइल वाचताना ही चूक नजरेला येत नाही, म्हणून बदल लागू केल्यावर एक्स्पोर्टएफएस ‘-व्ही’ने काय प्रत्यक्षात उघडं आहे ते वाचा.

फोल्डर आपोआप जोडण्यासाठी लिनक्सची यादी म्हणजे एफएसटॅब, तिच्यात ‘नोफेल’ लिहा, एनएफएस असो वा एसएमबी. नाहीतर सर्व्हर बंद असताना क्लायंट सुरू होतानाच अडकतो. एसएमबीचा पासवर्ड एफएसटॅबमध्ये उघडा लिहू नका, तो वेगळ्या फायलीत ठेवून तिला ६०० परवानगी, म्हणजे फक्त मालकापुरती, द्या.

प्रिंटर

प्रिंटरला स्वतःचं वाय-फाय किंवा वायरचं पोर्ट असेल तर तो कोणत्याही संगणकामार्फत शेअर करू नका. प्रत्येक संगणक थेट प्रिंटरशी बोलू द्या. मधला संगणक बंद असला की सगळ्यांचं छापणं बंद, आणि ड्रायव्हरची भांडणंही त्याच्याच गळ्यात. २०१० मधल्या एअरप्रिंटनंतर आणि २०१३ मधल्या आयपीपी एव्हरीव्हेअरनंतर आलेल्या बऱ्याच प्रिंटरांना वेगळा ड्रायव्हर लागतच नाही.

विंडोज स्वतः शोधून प्रिंटर जोडतं तेव्हा अनेकदा डब्ल्यूएसडी नावाचं पोर्ट वापरतं, आणि प्रिंटर झोपून उठला की हे पोर्ट त्याला हरवून बसतं. प्रिंटरच्या प्रॉपर्टीजमध्ये ‘पोर्ट्स’ टॅब पाहा. डब्ल्यूएसडी असेल तर ‘ॲड पोर्ट’मधून ‘स्टँडर्ड टीसीपी/आयपी पोर्ट’ घ्या आणि राखून ठेवलेला पत्ता द्या. तरीही प्रिंटर चालू असून ‘ऑफलाइन’ दिसत असेल तर त्याच पोर्टाच्या ‘कॉन्फिगर’मध्ये ‘एसएनएमपी स्टेटस एनेबल्ड’वरची खूण काढा. विंडोज त्या वाटेने प्रिंटरची खुशाली विचारतं, काही प्रिंटर उत्तर देत नाहीत, आणि मौन म्हणजे बंद असा अर्थ लावला जातो.

फक्त यूएसबी असलेला प्रिंटर लिनक्सच्या यंत्राला जोडून कप्स या लिनक्सच्या छपाई यंत्रणेने शेअर करा. ब्राउझरमध्ये त्या यंत्राच्या ६३१ पोर्टवर कप्सचं पान उघडतं. प्रिंटर जोडताना ‘शेअर’वर खूण करा आणि ‘ॲडमिनिस्ट्रेशन’मध्ये शेअरिंगला मुभा द्या. दोन्ही लागतात. विंडोजवरून तो नावाने जोडताना पत्ता असा: एचटीटीपी, अपूर्णविराम आणि दोन सरळ तिरक्या रेघा, मग यंत्राचा पत्ता, अपूर्णविराम आणि ६३१, तिरकी रेघ, ‘प्रिंटर्स’, तिरकी रेघ आणि शेवटी कप्समधलं प्रिंटरचं नाव जसंच्या तसं.

विंडोजमार्फतच शेअर करायचा असेल तर २०२१ नंतरचे बदल ठाऊक हवेत. त्या वर्षी जुलैत विंडोजच्या छपाई सेवेतला प्रिंटनाइटमेअर हा दोष उघड झाला. ऑगस्टच्या अपडेटनंतर दुसऱ्या संगणकावरून ड्रायव्हर घ्यायला ॲडमिनिस्ट्रेटर लागू लागला, आणि सप्टेंबरनंतर ०x०००००११बी ही चूक जगभर दिसू लागली. आधी दोन्ही संगणकांची सगळी अपडेट पूर्ण करा. एकच बाजू अद्ययावत असणं हे मोठं कारण असतं. तरीही नाही जमलं तर क्लायंटवर प्रिंटरचा ड्रायव्हर स्वतः बसवा, ‘लोकल पोर्ट’ जोडा आणि पोर्टाच्या नावाच्या जागी दोन उलट्या रेघांसह संगणकाचं आणि शेअर केलेल्या प्रिंटरचं नाव लिहा. मग ड्रायव्हर तिकडून घ्यावा लागत नाही. रजिस्ट्रीत बदल करून संरक्षणच उतरवायचा उपाय प्रसिद्ध आहे, पण तो उघडलेली खिडकी तशीच सोडतो.

रांगेत अडकलेलं काम पुसलं जात नसेल तर ‘प्रिंट स्पूलर’ सेवा थांबवा, सिस्टिम३२ मधल्या स्पूल फोल्डरातल्या ‘प्रिंटर्स’ फोल्डरातल्या फायली पुसा, फोल्डर ठेवा, आणि सेवा पुन्हा सुरू करा.

हे आधीच ठरवून ठेवा

शेअर केलेल्या फोल्डरातून दुसऱ्या संगणकावरून पुसलेली फाइल रिसायकल बिनमध्ये जात नाही, ती गेलीच. सांबात ‘रीसायकल’ मॉड्यूल लावता येतं, विंडोजवर बॅकअप हाच आधार. खंडणीखोर व्हायरस जोडलेल्या ड्राइव्हवरच्या फायलीही तितक्याच सहज बिघडवतो, म्हणून ज्यांना फक्त वाचायचं आहे त्यांना लिहायची परवानगी देऊ नका, आणि बॅकअपची डिस्क त्याच शेअरमधून पोहोचेल अशी ठेवू नका.

हिशेबाच्या प्रोग्रामची डेटाबेस फाइल शेअरवर ठेवून तिघे-चौघे एकाच वेळी उघडत असतील तर ते सगळे वायरवर असू द्या. लिहिणं चालू असताना वाय-फाय क्षणभर तुटलं तरी अशी फाइल बिघडू शकते. गिगाबिट वायरवर मोठी फाइल सेकंदाला ११० मेगाबाइटच्या आसपास जाते. तेवढ्याच वजनाच्या हजारो छोट्या फायलींना कितीतरी पट वेळ लागतो, कारण प्रत्येक फाइल उघडताना आणि बंद करताना निरोपांची ये-जा होते. आधी झिप करा, मग हलवा.

बाहेरून फोल्डर उघडता यावा म्हणून राउटरवर ४४५ कधीही उघडू नका, एका दिवसासाठीही नाही. व्हीपीएन लावा, मग घरातल्यासारखाच पत्ता चालतो.

सगळं चालू लागलं की राउटर, प्रिंटर आणि सगळे संगणक बंद करा. आधी राउटर सुरू करा, मग फोल्डर असलेलं यंत्र आणि प्रिंटर, शेवटी बाकीचे. आता प्रत्येक संगणकावरून एक फाइल उघडा, बदला, जतन करा, एक नवी करून पुसा, आणि एक पान छापा. पत्ते, शेअरचं नाव आणि युजरनाव एका कागदावर लिहून राउटरजवळ ठेवा. पासवर्ड त्यावर नको.